सारखी हसणारी मुलगी

पत्र

ताई, मी नाशिकचा, वय ५२, सरकारी नोकरीत. अडीच वर्षांपूर्वी माझी बायको आजारपणात गेली. मुलगी तेव्हा दहावीत होती. तेराव्यापर्यंत ही पोरगी एकदाही रडली नाही. आल्या-गेल्याचं चहापाणी, माझ्या गोळ्या, आजीचं पथ्य, सगळं बघत होती, वर सगळ्यांशी हसून बोलत होती. नातेवाईक म्हणाले, किती समजूतदार आहे. मलाही तसंच वाटलं. यंदा एप्रिलमध्ये रात्री एक वाजता पाणी प्यायला उठलो, तर ही हॉलमध्ये एक जाडजूड जपानी कॉमिक मांडीवर घेऊन हुंदके देत बसलेली. काय झालं विचारलं, तर म्हणाली, ‘काही नाही रे बाबा, तुला नाही कळायचं.’

जूनपासून ती पुण्याला होस्टेलवर आहे. त्या पुस्तकांचे बारा खंड कपाटात राहिलेत. नाव ‘फ्रूट्स बास्केट’. महिनाभर मी रोज रात्री वाचतोय, तिला सांगितलेलं नाही. दीड खंड झाला. खरं सांगतो, मला काही होत नाही. सगळे चेहरे सारखे, डोळे बशीएवढे. मिठी मारली की माणसाचा उंदीर होतो, मांजर होतं. घडत काहीच नाही, नुसते बोलत बसतात. आणि ती नायिका! आई नुकतीच गेलीय आणि ही चोवीस तास हसते, याचे आभार मान, त्याची माफी माग. असं कोणी असतं का? खोटं वाटतं. पण माझी मुलगी उगाच रडणारी नाही. म्हणजे त्यात काहीतरी असणार, जे मला दिसत नाहीये. ते कसं बघायचं? आणि मी वाचतोय हे तिला सांगू का? (खूण म्हणून जुनं वीजबिल घालतो. पान दुमडलेलं तिला चालत नाही.)

— एक बाप

उत्तर

पान दुमडलं नाहीत, हे बरं केलंत.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच जागी अडखळले. सुरुवातीला एक मुलगी आहे. तिची आई गेलीय, ती आल्या-गेल्याला चहा देते, हसून बोलते, आणि सगळे तिला समजूतदार म्हणतात. शेवटाकडे आणखी एक मुलगी आहे. तिचीही आई गेलीय, तीही तेच करते, आणि तिला तुम्ही खोटी म्हणता. हे तुमच्या लक्षात आलेलं नसावं. आलं असतं तर मला पत्र लिहायच्या ऐवजी त्याच रात्री पुण्याला फोन लावला असतात.

तो फोन एवढ्यात नको. का, ते पुढे सांगते. आधी पुस्तकाकडे वळू, कारण तुमचा प्रश्न मला फार आवडला. मुलांच्या वाचनाबद्दल मला येणाऱ्या बहुतेक पत्रांत ‘हे वेड बंद कसं करायचं’ एवढंच असतं.

माझंही पहिल्यांदा तुमच्यासारखंच झालं होतं. भाचीने पहिला खंड हातात दिला, मी चाळीसेक पानं वाचली आणि ‘गोड आहे गं’ म्हणून परत केला. नको असलेली वस्तू परत करताना आपण असंच म्हणतो. पुढे माझं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, सहा आठवडे पलंगावर. तेव्हा तिने बाराच्या बारा खंड उशाशी आणून रचले. चौथ्या की पाचव्या रात्री नवरा उठून आला आणि म्हणाला, फार दुखतंय का? गुडघा त्या रात्री अजिबात दुखत नव्हता.

नात्सुकी ताकाया यांची ही मालिका १९९८ ते २००६ या काळात ‘हाना तो युमे’ या जपानी पाक्षिकात क्रमशः आली. त्या नावाचा अर्थ ‘फुलं आणि स्वप्नं’. नाव वाचून हसलात तर हसा, मीही हसले होते. मूळ पुस्तकं २३. तुमच्या कपाटातले बारा खंड म्हणजे दोन-दोन पुस्तकं एकत्र बांधलेली आवृत्ती. २००१ मध्ये या मालिकेला शोजो विभागातला कोदान्शा मांगा पुरस्कार मिळाला. मांगा म्हणजे जपानी कॉमिक. शोजो म्हणजे मुलगी. मुलींसाठी निघणाऱ्या मासिकांत-पाक्षिकांत छापून येते ती शोजो मांगा. ही पाटी वाचक कोण ते सांगते, गोष्ट कसली ते सांगत नाही. या पाटीखाली प्रेमकथा येतात तशा इतिहासकथा, विज्ञानकथा, भयकथाही येतात.

आठ वर्षं चाललेली गोष्ट आहे ही. सातवीत पहिलं प्रकरण वाचलेली जपानी मुलगी शेवटचं वाचेपर्यंत कॉलेजात पोचली असेल. मधल्या काळात तिने ही माणसं पंधरा-पंधरा दिवसांनी, घोटाघोटाने ओळखून घेतली. तुम्ही एका रात्रीत किती वाचता ते लिहिलेलं नाही, पण अंदाज असा की ऑफिसातली फाईल निकालात काढावी तसं वाचत असाल. एका रात्री एक प्रकरण, जास्त नाही. आणि दुसऱ्या रात्री पुढचं सुरू करण्याआधी कालचं एकदा नुसतं चाळायचं, शब्द न वाचता, चित्रं बघत.

कारण तुम्ही म्हणता घडत काही नाही, ते शब्दांपुरतं खरं आहे. जे घडतं ते पानावरच्या मांडणीत घडतं. १९७० च्या दशकात जपानमध्ये काही तरुण चित्रकर्त्या या क्षेत्रात आल्या. बऱ्याचजणी १९४९ च्या आगेमागे जन्मलेल्या. ते वर्ष जपानी कालगणनेत शोवा २४, म्हणून त्यांना ‘२४ सालच्या’ असंच म्हणतात. मोतो हागिओ, केइको ताकेमिया, युमिको ओशिमा ही त्यांतली मोठी नावं. तोवर मुलींच्या मांगातही पुरुष चित्रकारांचा भरणा होता. या बायकांनी चौकटी मोडल्या. एक चौकट दुसरीवर चढवली, काहींच्या रेघाच पुसून टाकल्या, माणूस पानभर उभा केला, आणि मनातलं बोलणं तोंडाशी काढलेल्या फुग्यातून बाहेर काढून पांढऱ्या जागेत मोकळं सोडलं. तुम्ही नाटकं बघितली असतील. दिवे मंद होतात, बाकीची पात्रं थिजतात आणि एकजण प्रेक्षकांकडे तोंड करून बोलायला लागतो. ते स्वगत. फुग्याबाहेरचं वाक्य दिसलं की ते स्वगत आहे असं समजा आणि वाचायचा वेग निम्मा करा. फुग्यात माणूस काय म्हणतो आणि फुग्याबाहेर त्याच क्षणी त्याच्या मनात काय चाललंय, या दोहोंतल्या अंतरावर ताकाया यांची सगळी मालिका उभी आहे. पांढरी रिकामी चौकट आली तर ती चित्र काढायचं राहून गेलं म्हणून रिकामी नाही. तिथे थांबायचं असतं.

एक पान काढून बघा. पहिल्याच प्रकरणातलं, म्हणजे तुम्ही ते वाचून उलटलेलं आहे. तोरू, म्हणजे तुमची ती हसरी नायिका, तंबूत राहतेय, दरड कोसळून तंबू गाडला जातो. अंगात ताप असताना ती माती उकरायला धावते, कारण आत आईचा फोटो राहिलाय. तिला शाळेतल्या युकीच्या घरी आणून निजवतात आणि तापात ती त्याला एक साधी गोष्ट सांगते. ती रोज सकाळी आईला निरोप द्यायची. परीक्षेसाठी रात्री जागरण झालं होतं, त्या एका सकाळी झोप उघडली नाही आणि ‘जाऊन ये’ म्हणायचं राहिलं. त्या दिवशी आई गेली ती गेलीच.

आपल्याकडे उंबऱ्यातून पाऊल बाहेर टाकताना ‘जातो’ म्हणू देत नाहीत, ‘येतो’ म्हणायला लावतात. ज्या घरात हे पाळतात त्या घरातल्या माणसाला हे पान समजावून सांगावं लागू नये. तरी तुम्ही ते उलटून पुढे गेलात. तुमचा दोष नाही. तोरू ते सांगते अशा बेताने, समोरच्याला जड होऊ नये अशा आवाजात, की घाईत असलेला माणूस ‘बरं बरं’ म्हणून पुढे जाणारच. तिच्या आजूबाजूचे लोकही तसेच पुढे जातात. तुम्हाला जे दिसलं नाही, ते दिसू नये अशीच तिची धडपड आहे.

चेहऱ्यांचं म्हणाल तर केसांवरून ओळखा. मीही पहिले दोन खंड केसांवरूनच ओळखत होते. पुढे चित्रं बदलतात, माणसं उंच आणि सडसडीत होतात, डोळेही जरा आवरतात. मालिका चालू असतानाच ताकाया यांच्या चित्र काढण्याच्या हाताला दुखापत झाली, शस्त्रक्रिया झाली, मालिका काही काळ बंद होती. तेव्हाच्या खंडांत रेघ कशी बदलते ते बघत जा.

आता उंदीर-मांजर. युकीच्या सोमा घराण्यातल्या तेराजणांना चिनी-जपानी राशीचक्रातल्या बारा प्राण्यांचा आणि राशीचक्रातून वगळलेल्या मांजराचा शाप आहे. विरुद्ध लिंगाच्या माणसाने कवटाळलं की त्यांचा तो प्राणी होतो. सुरुवातीला याचे विनोदच विनोद आहेत आणि त्यातले निम्मे मला आजही हसवत नाहीत. पण हा नियम जरा कागदावर मांडून बघा, तुम्ही सरकारी माणूस आहात, नियमाचे परिणाम तुम्हाला बरोबर दिसतील. मुलग्याला आई कुशीत घेऊ शकत नाही. जन्मल्या क्षणापासून. तुम्ही आहात तिथून थोडं पुढे गेलात की मोमिजी नावाच्या गोऱ्यागोमट्या, उड्या मारणाऱ्या पोराची हकीकत येईल. तो ससा. त्याच्या आईला ते सहन झालं नाही, तिचं मन ढासळलं, आणि शेवटी तिच्या आठवणीतून हा मुलगाच पुसून टाकला गेला. ती आता बरी आहे, तिला दुसरी मुलगी आहे. मोमिजी तिला लांबून बघतो. समोर आली तर ती त्याच्याशी ओळखीतल्या एखाद्या पोराशी बोलावं तशी चांगलं बोलते. हे सगळं तो तोरूला हसतहसत सांगतो. या पुस्तकात कोणी हसायला लागलं की मी सावध होते.

नावाचीही एक गोष्ट आहे आणि ती तुमच्या पहिल्या खंडातच येऊन गेली. ‘फ्रूट्स बास्केट’ हा जपानी बालवाडीतला खेळ. मुलं गोल बसतात, प्रत्येकाला एका फळाचं नाव मिळतं, नाव पुकारलं की उठून जागा बदलायची. लहानपणी तोरूला एका मुलाने खोडीने नाव दिलं ओनिगिरी, म्हणजे भाताचा मुटका. ती आनंदाने बसून राहिली, आपलं नाव कधी येतंय याची वाट बघत. फळांच्या टोपलीत भात कोण पुकारणार? आपल्या गल्लीतल्या खेळात ‘कच्चं लिंबू’ असायचं, आठवतं? खेळात घेतलेलं पण गणतीत नसलेलं. मी माझ्या मोठ्या भावंडांत कायम कच्चं लिंबू. मला वाटायचं मी फार चपळ आहे, म्हणून बाद होत नाही. खरं कळलं तो दिवस मला अजून आठवतो. तोरूला ते लहानपणीच कळलेलं आहे, आणि तरी त्या सोमा लोकांच्या घरात ती पुन्हा गोलात बसते. त्या घरातलीही बहुतेक माणसं मनातून स्वतःला मुटकाच समजतात, हे कळायला मला दोन खंड लागले.

याच मुटक्यावरून पुढे ती क्योला, म्हणजे मांजराचा शाप असलेल्या मुलाला, एक कल्पना सांगते. मुटक्यात उमेबोशी नावाचं खारवलेलं आंबट फळ घालतात. समजा ते प्रत्येकाच्या पाठीला चिकटलेलं असेल, तर आपल्याला दुसऱ्याच्या पाठीवरचं दिसेल, स्वतःच्या पाठीवरचं कधीच नाही. मला वाटतं तुमच्या मुलीच्या पिढीला ही मालिका जवळची वाटते ती अशा जागांमुळे. भारी काही सांगतोय असा आव न आणता, डब्यातल्या भातावरून बोलणं.

‘तुला नाही कळायचं’ हे वाक्य तुम्हाला लागलंय. पत्रात तुम्ही ते अवतरणात दिलंय, बाकी तिचं एकही वाक्य दिलेलं नाही. तर त्यासाठी किसाचं प्रकरण नीट वाचा. मोमिजीनंतर थोडं पुढे. किसा ही नुकती माध्यमिक शाळेत गेलेली मुलगी, रास वाघाची. शाळेत तिला छळतात, आणि एके दिवशी ती बोलणंच बंद करते. घरीही. तिची आई अगदी मेटाकुटीला आलीय. तिचा प्रश्न तुमचाच आहे: मला का सांगत नाहीस? ती वैतागून पोरीसमोरच बोलते, आणि वाघाचं पिल्लू होऊन बसलेली ती मुलगी मान खाली घालते.

तेव्हा तोरू मध्ये पडते. ती उपदेश करत नाही. ती स्वतःबद्दल बोलते: मलाही लहानपणी छळायचे, मीही आईला सांगितलं नव्हतं. लाज वाटायची. आपण छळली जाणारी मुलगी आहोत हे आईला कळलं तर तिला कसं वाटेल, ती नाराज झाली तर काय, याचीच भीती. ज्याच्यावर सगळ्यात जास्त जीव त्यालाच सांगणं सगळ्यात अवघड. ते प्रकरण मी पलंगावर पडल्या पडल्या तीनदा वाचलं. मलाही मुलगा आहे. तोही ‘काही नाही’ म्हणणाऱ्यांतला.

आता तोरूच्या हसण्याकडे येते. इथे मला एक गाठ आधीच सोडून दाखवावी लागेल. या मालिकेत रहस्यं बरीच आहेत, त्यांतलं एकही मी फोडणार नाही, ही एकच गोष्ट सोडून. मुलीला कळलं तर ती माझ्यावर चिडेल, चालेल.

तोरू सगळ्यांशी अती नम्रपणे बोलते, बरोबरीच्या मुलांशीसुद्धा. जपानी भाषेत हा फरक क्रियापदातच कळतो. आपण दहावीतल्या मित्राला ‘आपण बसावं’ म्हणालो तर कसं वाटेल, तसं. इंग्रजीत ते बरंचसं विरघळतं, म्हणून तुम्हाला ती नुसती लोचट वाटत असणार. ही बोलण्याची पद्धत तिची नाहीच. ती तिच्या वडिलांची. वडील कात्सुया ती अगदी लहान असताना आजाराने गेले. आई क्योको त्यानंतर कोसळली. नुसती रडली असती तरी बरं. तिला घरात एक लहान मूल आहे याचंच भान राहिलं नाही. आणि त्या एवढ्याशा पोरीने आपल्या परीने उपाय काढला. ती बाबांसारखं बोलायला लागली. आपण बाबांसारख्या झालो तर आई आपल्याकडे बघेल, आई जाणार नाही.

ती सवय तशीच राहिली. पहिल्या खंडात जी मुलगी तुम्हाला खोटी वाटली, तिने राहिलेलं एक माणूस टिकवण्यासाठी स्वतःचा आवाज बदललेला आहे. तुमच्या पत्रात ती काय काय बघत होती त्याची यादी आहे. चहापाणी, आजीचं पथ्य, आणि मध्ये दोन शब्द: माझ्या गोळ्या. तुम्ही ते सहज लिहून गेलात.

मी असं म्हणत नाही की तुमची मुलगी म्हणजे तोरू. पुस्तकातल्या माणसांचे कपडे घरातल्या माणसांना बेतून बघू नयेत, नीट बसत नाहीत. शिवाय ती त्या रात्री नेमकं कोणतं पान वाचत होती, हे तुम्हालाही माहीत नाही नि मलाही नाही. कदाचित मोमिजीसाठी रडत असेल. कदाचित दुसऱ्या दिवशीच्या परीक्षेमुळे. पण आई गेल्यावर जिने तेरा दिवस घर सांभाळलं, तिला स्वतःचं रडू काढायला एखादी परकी, दूरच्या देशातली, कागदावरची मुलगी सोयीची वाटली असेल, तर त्यात काही बिघडलेलं नाही. आपल्या आज्या जात्यावर बसल्या की सासर-माहेरचं सगळं ओवीत घालून म्हणायच्या. हात दळणात, तोंड भिंतीकडे, नाव कुणा सीतामाईचं. कुणी विचारलं तर दळतेय एवढंच.

क्योकोचा आणि कात्सुयाचा हा पूर्वेतिहास आठव्या जाड खंडाच्या सुमारास येतो. तो एका बैठकीत वाचू नका आणि रात्री एकट्याने तर नकोच. रविवारी सकाळी वाचा. जोडीदार गेल्यावर उरलेला माणूस कसा असतो, हे त्यात दाखवलेलं आहे. पुस्तक मिटावंसं वाटेल. मिटलंत तर मिटा, पण दुसऱ्या दिवशी उघडा, कारण क्योको त्यातून परत येते, आणि कशी येते ते वाचण्यासारखं आहे. त्याच भागात दुसरा एक धक्का बसेल, तो आधीच सांगून ठेवते: ते दोघं भेटतात तेव्हा ती शाळकरी मुलगी असते आणि तो तिच्या शाळेत शिकवायला आलेला उमेदवार शिक्षक. बाप म्हणून तुमच्या कपाळाला आठी पडेल. पडू द्या. माझ्याही पडली, आणि लेखिकेने ती जागा जितक्या हळुवारपणे रंगवलीय तितकी ती हळुवार नाही असं माझं मत आहे.

इतरही खटकणाऱ्या गोष्टी आहेत. कागुरा नावाची मुलगी क्योवर प्रेम आहे म्हणून त्याला बदडून काढते आणि ते विनोद म्हणून दाखवलंय. ते मला कधीच जमलं नाही. आयामे या सापाचा आचरटपणा दोन पानं चालावा तिथे वीस पानं चालतो. आणि शेवटाकडे घराण्याच्या प्रमुखाला जी माफी मिळते, ती काहीजणांनी फार स्वस्तात दिली असं मला वाटतं. भाचीशी यावर आमचं कडाक्याचं भांडण झालंय. ती म्हणते, सगळ्यांनी माफ केलेलंच नाही, तू नीट वाच. मी परत वाचलं. तिचं थोडं बरोबर आहे.

चुकून टीव्हीवरची मालिका आधी बघाल, म्हणून सांगते: २००१ ची जुनी २६ भागांची आहे, ती कथा पूर्ण होण्याआधीच बनली, त्यामुळे अर्ध्यावर संपते. २०१९ ते २०२१ मध्ये आली ती ६३ भागांची, ताकाया यांच्या देखरेखीखाली, शेवटापर्यंत जाणारी. पण ती मुलीबरोबर बघायला ठेवा.

आणि तोरू हे जपानमध्ये खरं तर मुलग्याचं नाव. ते कात्सुयाने ठेवलेलं. त्याचं म्हणणं, गोडाची चव खुलावी म्हणून चिमूटभर मीठ घालतात, तसं. पुरणात आपणही घालतो. आईची ही चिमूट तुमच्या मुलीने शिकून घेतलीय का, कधी विचारा.

सांगायचं की नाही, हा तुमचा दुसरा प्रश्न. सांगा, लवकर सांगा. लपवून वाचण्यात चोरी नाही, पण तिला नंतर कळलं तर आपल्या कपाटात बाबा काहीतरी शोधत होता असं वाटेल. फक्त फोन करून ‘तू त्या रात्री आईसाठी रडत होतीस ना’ असं विचारू नका. त्या प्रश्नाला ‘नाही रे बाबा’ एवढंच उत्तर असतं आणि त्यानंतर दार लागतं. साधा मेसेज पाठवा. ‘तुझं पुस्तक वाचतोय. दुसऱ्या खंडात आहे. युकीबरोबर राहणारा तो लेखक शिगुरे मला अजिबात भरवशाचा वाटत नाही.’ बस. ती उडेल. शिगुरेबद्दल तुमचं मत काय आहे मला माहीत नाही, पण मुलीच्या बापाला तो आवडणार नाही याची मला खात्री आहे, आणि याहून जास्त मी बोलणार नाही. पुढे ती बोलेल. लांबलचक बोलेल, अर्धं तुम्हाला कळणार नाही, मध्येच ‘थांब, तिथवर पोचलास की सांगते’ म्हणेल. म्हणू द्या. कोण आवडतं ते तिला विचारा, का आवडतं ते विचारू नका.

होस्टेलवर तिची झोप, जेवण, कॉलेज नीट चालू असेल तर पुस्तक वाचून रडण्याची काळजी करू नका. ते बिघडल्यासारखं वाटलं, तर मात्र पुस्तकांच्या आडून न बोलता सरळ बोला आणि समुपदेशकाकडे जा. कॉलेजांत आता बहुधा कोणीतरी असतं. हे मी तुमच्यासाठीही लिहितेय. ती तेरा दिवस रडली नाही, हे तुम्ही लिहिलंत. तुम्ही रडलात का, ते लिहिलेलं नाही.

दिवाळीला ती घरी येईल. ती यायच्या आदल्या दिवशी तुम्ही घर आवराल आणि ते खंड नेटके करून कपाटात परत लावाल, अशी मला दाट शंका आहे. लावू नका. जो वाचत असाल तो हॉलमध्ये टेबलावरच राहू द्या. खूणही वीजबिलाचीच असू द्या.